नाक आणि डोळ्यामधली भिंत

मी एक जुनी दुर्बीण आहे. दुर्बीण म्हटल्यावर तुम्ही लगेच वर बघाल, चंद्राकडे नाहीतर ताऱ्यांकडे. तिकडे बघू नका, मित्रांनो. माझा आणि आकाशाचा काडीचाही संबंध नाही. मी माणसांच्या नाकात बघणारी दुर्बीण आहे. हसलात ना? हसा. माझी ओळख करून दिली की सगळे हसतात. ज्याच्या नाकात मी जाते तो मात्र हसत नाही.

दिसायला मी अगदी साधी आहे. पेन्सिलीहून बारीक, वीतभर लांब, पोलादाची एक सरळ नळी. मागच्या टोकाला डॉक्टरांनी डोळा लावायची एक काळी वाटी आणि बाजूला दिव्याची तार जोडायला छोटीशी मान. माझ्या पोटात काचेच्या कांड्या एकापुढे एक बसवलेल्या आहेत. पुढे जे दिसतं ते त्या कांड्यांतून वाट काढत मागे येतं. मला डोळा एकच, पण तो असा की जिथे सूर्याचा उजेड कधी पोहोचत नाही तिथलं मी दाखवते.

माझा जन्म फार दूरच्या एका थंड देशात झाला. तिथल्या कारखान्यात एक म्हातारी बाई भिंगं घासायची. ती दिवसभर कुणाशी बोलत नसे. काच घासायची, उजेडाकडे धरायची, पुन्हा घासायची. आपण घासलेली काच कोल्हापुरातल्या माणसांच्या नाकात जाणार आहे हे तिला सांगितलं असतं तर तिने काय म्हटलं असतं कोण जाणे. तिने मला मन लावून घडवलं एवढं मात्र खरं, कारण पुढे कित्येक वर्षं माझ्या नजरेत खोट आली नाही.

मखमलीच्या पेटीत झोपून मी कोल्हापूरला आले. शाहूपुरीतल्या एका गल्लीत डॉक्टर संघप्रिया कांबळे यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. त्यांनी मला दोन्ही हातांनी पेटीतून उचललं, खिडकीकडे धरलं आणि माझ्यातून समोरच्या घराच्या गॅलरीतली तुळस बघितली. त्यांच्या शेजारी यल्लव्वा उभी होती. ती गडहिंग्लजकडची, शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्या-मांडण्याचं काम करायची. तिने मला बघून नाक मुरडलं.

"एवढीशी काडी, आन हिला मखमल?" ती म्हणाली.

पण मित्रांनो, त्या यल्लव्वानेच मला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. काम झालं की ती मला कोमट पाण्याने धुवायची, औषधात बुडवायची, मऊ फडक्याने टिपायची आणि ताटलीत एकटीला निजवायची. माझ्या अंगावर कुणी चिमटा ठेवायला गेलं की ती खेकसायची. "हिच्यावर काय बी ठिवू नका. वरनं लोखंड दिसतंय, आत काच हाय." माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नाही.

माणसांचे चेहरे मला फारसे माहीत नाहीत. मी त्यांना आतून ओळखते. ओतकामाच्या कारखान्यातला माणूस आला की नाकात काजळी दिसायची. गुऱ्हाळावरचा आला की धुराने लाल झालेली त्वचा. तपकीर ओढणाऱ्या आजीबाई तर आत यायच्या आधीच दरवळायच्या. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच. डोकं जड, गाल ठणकतात, सर्दी वर्षानुवर्षं हटत नाही, वास येत नाही. "नाकात हाड वाढलंय" असं स्वतःच ठरवून लोक यायचे. बाम झाला, वाफ झाली, गावच्या वैदूने दिलेली पूड झाली, मग माझी पाळी.

नाकाच्या आजूबाजूला, गालात आणि कपाळात, हवेच्या रिकाम्या खोल्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. प्रत्येक खोलीला नाकात उघडणारं एक छोटं दार असतं. सुजेने ते दार बंद झालं की आतला ओलावा आतच कुजतो. काहींच्या आत मऊ गाठी वाढतात, सोललेल्या द्राक्षांसारख्या, आणि सगळी वाट अडवून बसतात. डॉक्टर मला आत घालून त्या गाठी काढायच्या आणि दारं मोकळी करायच्या. बाहेरून चेहऱ्यावर एक ओरखडाही नाही. लोक याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात. कापतात डॉक्टर आणि नाव माझं, त्यामुळे मी थोडी फुगून जात असे.

पण त्या खोल्यांच्या शेजारीच डोळा असतो. मधली भिंत हाडाची खरी, पण कागदाइतकी पातळ. त्या भिंतीजवळ आलं की डॉक्टरांचा हात हळू व्हायचा आणि खोलीत कुणी बोलत नसे. मलाही तिथे नेहमी भीती वाटायची. ती भीती कशाची होती ते मला पुढे कळलं.

बहुतेक लोक बरे व्हायचे. खानावळ चालवणारी एक बाई महिन्याभराने आली आणि म्हणाली की आज कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला आणि चुलीसमोरच रडू कोसळलं. असं ऐकलं की मला माझं पोलादाचं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटे. पण काहींच्या गाठी पुन्हा यायच्या. म्हणून डॉक्टर प्रत्येकाला तेच सांगायच्या.

"दार मी उघडून दिलंय. ते उघडं ठेवायचं काम रोज तुमचं आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, फवारा मारा, आणि बरं वाटलं तरी मला दाखवायला या."

लोक मान डोलवायचे. मान डोलवायला काय जातं?

आता मी तुम्हाला स्नेहलची गोष्ट सांगते. माझं आयुष्य म्हणजे हजार नाकं, पण सांगायचं ते हे एकच.

स्नेहल बिद्रीच्या अलीकडच्या एका गावातली पैलवान पोरगी. विशीतली. तिचे वडील गणपतराव गावच्या तालमीचे वस्ताद. त्यांनी पोरीला आखाड्यात उतरवलं तेव्हा गावाने तोंडावर हात ठेवून हसून घेतलं होतं. गणपतराव कुणाकडे बघत बसले नाहीत. पोरगी जिल्ह्यात जिंकायला लागली तसं हसणं आपोआप थांबलं. ती त्यांना आण्णा म्हणायची, आणि दोघं खोलीत आले की खोली लहान वाटायची, एवढा त्यांचा आवाज मोठा.

"मॅडम, पोरगी ताकदीला कमी न्हाय," गणपतराव म्हणाले. "दम कमी पडतोय. अर्धी कुस्ती झाली की तोंड उघडतंय, आन तोंड उघडलं की समोरची वळकती, ही दमली म्हणून."

"मला वास बी येत न्हाय," स्नेहल म्हणाली. "लहान हुतो तवापासनं सर्दीच हाय." इकडच्या पोरी स्वतःबद्दल पोरांसारखंच बोलतात.

मी आत गेले. दोन्ही बाजू गाठींनी गच्च भरल्या होत्या. या पोरीने जिंकलेल्या सगळ्या कुस्त्या तोंडाने श्वास घेऊन जिंकल्या होत्या.

शस्त्रक्रिया झाली. छान झाली. डॉक्टरांनी प्रत्येक दार मोकळं केलं, त्या पातळ भिंतीला धक्काही लागू दिला नाही. पुढचे काही आठवडे आतल्या खपल्या काढायला स्नेहल येत राहिली. एके दिवशी मी तिच्या नाकातून बाहेर आले आणि ती एकदम वडिलांकडे वळली.

"आण्णा, तुमच्या सदऱ्याला कसला वास येतोय?"

गणपतरावांनी सदरा हुंगला. "कसला? मातीचा. सकाळी आखाडा उकरला."

तालमीच्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू असं बरंच काही कालवतात, हे मला तेव्हा कळलं. त्या मातीत ही पोरगी लहानाची मोठी झाली, आणि तिचा वास तिला त्या दिवशी पहिल्यांदा आला. ती पुन्हा पुन्हा बापाच्या बाहीला नाक लावत होती. गणपतराव खाकरले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. यल्लव्वा उगीचच ताटल्या आवरत राहिली. मी किती सुखात होते म्हणून सांगू.

मग डॉक्टरांनी नेहमीचं सांगितलं. पाणी, फवारा, तपासणी. फवाऱ्याचा डबा हातात देताना त्या म्हणाल्या, "यात स्टिरॉइड आहे, पण अगदी थोडं, नाकापुरतं. गाठी पुन्हा येऊ नयेत म्हणून."

गणपतरावांचा हात तिथेच थांबला.

मग ते खालच्या आवाजात बाळासोबद्दल बोलले. बाळासो त्यांचा तालमीतला जोडीदार. दोघं एका ताटात जेवले, एका मातीत वाढले. बाळासोने ताकद वाढवायला कुणाकडून तरी इंजेक्शनं घ्यायला सुरुवात केली. अंग फुगलं, गावोगावच्या मैदानांत त्याचं नाव झालं, आणि मग मूत्रपिंडं गेली. त्याच्या तिरडीला पुढचा खांदा गणपतरावांनी दिला होता.

"हे ते नाही, वस्ताद," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं समजावून सांगितलं. ते औषध वेगळं, हे वेगळं. ते अंगभर जातं, हे नाकात राहतं. डोप टेस्टची काळजी असेल तर नाकातल्या या फवाऱ्याला परवानगी आहे, मी तसं लिहून देते, असंही म्हणाल्या.

"व्हय. कळलं," गणपतराव म्हणाले.

त्यांना खरंच कळलं होतं, मित्रांनो. तेच तर वाईट झालं. न कळल्याने चूक झाली असती तर डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं असतं. पण कळणं डोक्यात होतं आणि बाळासो खांद्यावर होता. त्यांनी 'मला भीती वाटते' असं म्हटलं नाही. वस्तादाने तसं कसं म्हणायचं?

फवारा घरी गेला आणि कपाटावर चढला. हे मला पुढे स्नेहलच्या तोंडून कळलं. मिठाचं पाणी मात्र गणपतराव स्वतः उकळून, कोमट करून द्यायचे. मिठाचं त्यांना वावडं नव्हतं. त्यावर म्हशीचं दूध, बदाम, खारीक, जे जे म्हणून घरात वाढलेलं आणि डोळ्यांनी दिसणारं, ते सगळं ते पोरीच्या पोटात घालत होते. मायेत त्यांनी कसूर केली नाही.

आणि स्नेहल जिंकत सुटली. नाक मोकळं, दम पुरत होता. जत्रेतल्या मैदानात तिने कागलच्या एका तगड्या पोरीला चीत केलं, ही बातमी यल्लव्वाने मला धुताना सांगितली. तपासणीची वेळ आली आणि गेली. यल्लव्वाने फोन लावला तर पलीकडून गणपतराव गरजले, "पोरगी झकास हाय. राज्याच्या संघाची निवडचाचणी हाय, ती झाली की पेढं घिऊनच येतो."

डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बरं वाटतंय तोवर कुणी येत नाही," त्या एवढंच म्हणाल्या.

त्याच सुमाराला माझेही दिवस फिरले. दवाखान्यात नवी दुर्बीण आली. तिच्यातून पडद्यावर असं स्वच्छ दिसायचं की माझ्या नजरेवर साय आल्यासारखं वाटे. शस्त्रक्रियेच्या खोलीतून माझी बदली बाहेरच्या तपासणीच्या टेबलावर झाली. शिकाऊ डॉक्टर मला कुठेही ठेवू लागले. कुणी वाटी पुसायला विसरे, कुणी तार ओढून काढे. यल्लव्वा तेवढी येता-जाता मला नीट सरळ करून जायची. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हाताऱ्या हत्याराने रुसून कुणाला सांगायचं?

मग एका दुपारी दार धाडकन उघडलं आणि गणपतराव स्नेहलला दंडाला धरून आत घेऊन आले.

तिच्या उजव्या डोळ्याची पापणी फुगून बंद झाली होती. डोळाच पुढे आल्यासारखा दिसत होता. वर पिवळाधमक लेप वाळला होता.

"सरावात टक्कर लागली," गणपतराव सांगू लागले. "आंबेहळद उगाळून लावली, शेकलं. दोन-तीन दिस झालं, सूज उतरंना."

तालमीत डोक्याला डोकं लागतं, डोळे सुजतात, आंबेहळदीने उतरतात. गणपतरावांनी आयुष्यात असे कितीतरी डोळे बरे केले होते. दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर कदाचित ती त्याच दिवशी दवाखान्यात आली असती. वस्तादाच्या पोरीचा सुजलेला डोळा म्हणजे टक्करच, दुसरं काय असणार, असं त्या घरात सगळ्यांनी धरून चाललं.

डॉक्टरांनी लेप पुसला, हलक्या हाताने पापणी उचलली, बॅटरी मारली. मग डावा डोळा झाकून लाल झाकणाची बाटली समोर धरली. "हे झाकण कुठल्या रंगाचं आहे, स्नेहल? या डोळ्याने सांग."

"कुठलं झाकण?"

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. "टक्कर लागली होती का तुला?"

स्नेहलने एका डोळ्याने बापाकडे बघितलं. "न्हाय लागली. आण्णांना वाटलं. मला ताप हुता, डोकं फुटत हुतं. वास तर कवाच गेलाय, दिवाळीपासनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वासाचं सांगितलं हुतं. आण्णा म्हटलं, कुस्ती काय नाकानं करत्यात? तापाचं न्हाय सांगितलं." तिने डॉक्टरांचा हात धरला. "परवा चाचणी हाय, मॅडम."

मी गणपतरावांचा चेहरा बघितला नाही. मला तेव्हा डॉक्टरांनी हातात घेतलं होतं आणि मी आत निघाले होते. आत जे दिसलं ते मला विसरता येत नाही. द्राक्षं पुन्हा लगडली होती, आधीहून जास्त. त्यांच्या मागून पू झिरपत होता. जी दारं आम्ही मोकळी केली होती त्यांतलं एकही दिसत नव्हतं.

त्या दिवशी नवी दुर्बीण दुरुस्तीसाठी पुण्याला गेली होती. थांबायला वेळ नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही बोलावून घेतलं आणि स्नेहलला लगेच आत नेलं. कित्येक महिन्यांनी मी त्या खोलीत, त्या दिव्याखाली गेले. आनंद व्हायला हवा होता. जी पातळ भिंत आम्ही इतकी वर्षं जपत आलो, तिच्यापाशी पोहोचले तेव्हा बघते तर भिंत जागेवर नव्हती. पुवाने ती खाल्ली होती आणि पलीकडे डोळ्याच्या खोबणीत पू साठून त्याने डोळ्याची नस दाबून धरली होती.

डॉक्टरांनी सगळं साफ केलं. गाठी काढल्या, पू काढला, दारं उघडली. काम झाल्यावर डॉक्टर खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि हातमोजेही काढेनात.

यल्लव्वा मला धूत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वस्ताद भाईर खाली बसलाय. हाताची हळद बी धुतली न्हाय त्यानं."

ताप उतरला. सूज उतरली. डोळा आपल्या जागी गेला, बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये इतका नीट. पण त्यातला उजेड परत आला नाही. नस फार वेळ दाबली गेली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळे उपाय केले आणि शेवटी हात टेकले. डाव्या डोळ्याला धोका नको म्हणून कुस्तीही बंद. चाचणी तर स्नेहल दवाखान्यात खाटेवर असतानाच होऊन गेली होती.

हे सगळं कळलं तेव्हा ती रडली नाही. नंतर एकदा खपल्या काढायला आली आणि मला बघून रडली. यल्लव्वाने तिचं डोकं पोटाशी धरलं. "रडू नको गं अव्वा," ती म्हणत राहिली. तिच्याकडे आईला अव्वा म्हणतात, आणि लाडक्या लेकीलाही अव्वाच.

त्याच दिवशी गणपतरावांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"मॅडम, त्यो फवारा मारला असता तर?"

डॉक्टर खोटं बोलत नाहीत. "नक्की सांगता येत नाही. कदाचित गाठी आल्या नसत्या. काही जणांना सगळं करूनही येतात. पण तुम्ही दाखवायला आला असतात तर मला वेळेत दिसल्या असत्या."

"म्हंजे झालं नसतं."

"मी तसं म्हणाले नाही, वस्ताद."

"मी म्हणतोय," गणपतराव म्हणाले.

नाकापुरतं बघितलं तर आमच्या दोन्ही शस्त्रक्रिया चांगल्या झाल्या. कुणी विचारलं तर डॉक्टरांना तसंच सांगावं लागेल आणि ते खोटं ठरणार नाही. मला मात्र ते ऐकवत नाही.

माझं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. यल्लव्वा गावी गेली असताना एका नव्या माणसाने धुतलेल्या ताटलीत माझ्या अंगावर जड चिमटे टाकले. कट् असा बारीक आवाज माझ्या पोटात झाला. बाहेर एक चराही नाही. डॉक्टरांनी मला खिडकीकडे धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच. समोरच्या गॅलरीतली तुळस अर्धीच दिसली, बाकी काळं. आतली कांडी तडकली होती. यल्लव्वा परत आल्यावर तिने मला पुसून मखमलीच्या पेटीत ठेवलं आणि पेटी तपासणीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात. आता मला बघायला काही नाही. मी ऐकते.

दर महिन्याला ओळखीची पावलं येतात. पूर्वी दोघांची पावलं धाडधाड वाजायची. आता एक जण दुसऱ्याला सांभाळत चालतो. उंबरा आला की गणपतराव म्हणतात, "उंबरा हाय." उजवीकडचं स्टूल आलं की म्हणतात, "उजवीकडं स्टूल." आता फवारा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. सकाळ-संध्याकाळ ते तो स्वतःच्या हाताने पोरीच्या नाकात मारतात. बाहेर बाकावर कुणी ऑपरेशन करून घरी निघालेलं दिसलं की ते त्याला गाठतात. "पावणं, औषध बंद करू नका. बरं वाटलं तरी या." माणूस विचारतो, तुम्ही कोण? गणपतराव सांगत नाहीत. तालमीत मात्र त्यांनी त्या दुपारपासून पाऊल टाकलेलं नव्हतं, असं यल्लव्वा म्हणत होती.

परवा ते पुन्हा आले. नवी दुर्बीण आत गेली.

"एकदम स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एक गाठ नाही. असंच चालू ठेवा."

खुर्ची सरकली. मग स्नेहलचा आवाज आला.

"आण्णा, तुमच्या सदऱ्याला मातीचा वास येतोय. गेलता व्हय तालमीत?"

मी कपाटात वाट बघत होते.

"गेलतो."

"कशाला?"

"आखाडा उकरला. मग तालमीची किल्ली माझ्या पठ्ठ्याला, सयाजीला दिली. म्हटलं, आता तू बघ."

"मला न्ह्यायचं हुतं की."

"तू आली असतीस," गणपतराव म्हणाले, "तर किल्ली दिली नसती."

पावलं दारापर्यंत गेली. "उंबरा हाय," असं ऐकू आलं आणि दार लागलं.

मित्रांनो, मी एक फुटलेली दुर्बीण, मी तुम्हाला काय शिकवणार? पण एवढं सांगते. डॉक्टर सांगतील ते पटलं नाही, कशाची भीती वाटली, तर मान डोलवून घरी येऊ नका. भीती वाटते असं तिथल्या तिथे बोला, तुम्ही कितीही मोठे वस्ताद असलात तरी. आणि बरं वाटलं तरी पुन्हा दाखवायला जा. मी फुटले तर माझ्या जागी नवी दुर्बीण आली, कुणाचं काही अडलं नाही. स्नेहलच्या डोळ्याच्या जागी काहीच आलं नाही. तिला आता वास येतो, अगदी छान येतो. बापाच्या सदऱ्यावरून तिला कळलं की तिची तालीम गेली.